चित्र धड्यात कशासाठी आहे, ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने बडोदे संस्थानावर मराठीतून ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला आहे. १२ पाठ आणि सुमारे २०० चित्रं: नकाशे, जुने फोटो, मोडी कागद, आलेख. यंदा वर्गात दोन दृष्टिहीन विद्यार्थी आले आहेत. मुलगा जन्मापासून अंध आहे, मुलीची नजर नववीत असताना गेली. प्राध्यापिका विचारतात, प्रत्येक चित्राला वर्णन द्यायचं का, ते किती लांब असावं, आणि हे काम ऑफिसमधल्या एखाद्या मुलाला किंवा एआयला दिलं तर चालेल का?

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. वर्णन तुम्हालाच लिहावं लागेल. टायपिंग कुणीही करू दे, पण काय लिहायचं ते तुम्हीच सांगायला हवं. चित्रात काय दिसतं हे कोणीही सांगू शकेल. ते चित्र तुम्ही त्या पाठात, त्याच परिच्छेदाखाली का ठेवलं, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. वर्णन त्या ‘का’चं असतं.

हे मी एका नकाशावरून शिकले. सुरुवातीच्या दिवसांत एका संस्थेने मला असाच एक अभ्यासक्रम दिला होता. नकाशाखाली मी लिहिलं, ‘बडोदे संस्थानाचा नकाशा’, आणि पुढे गेले. पाठ तपासायला एक विद्यार्थी माझ्याकडे रावपुऱ्यात आला होता. एका कानात हेडफोन, एक कान माझ्याकडे. नकाशापाशी थांबला आणि म्हणाला, “ताई, नकाशा आहे हे वरच्या ओळीतच कळलं. त्यात आहे काय?”

मी तोंडी सांगायला लागले. संस्थान सलग नव्हतं. मध्ये बडोदे प्रांत. त्याच्या उत्तरेला, अहमदाबादच्या पलीकडे, कडी प्रांत. दक्षिणेला सुरत जिल्ह्याच्या शेजारी नवसारी प्रांत. पश्चिमेला खंबातचं आखात ओलांडून काठेवाडात अमरेली, तोही तुकड्यातुकड्यांनी. आणि काठेवाडाच्या पार वायव्य टोकाला समुद्रालगत ओखामंडळ, जिथे द्वारका आहे. या सगळ्यांच्या मधला मुलूख ब्रिटिशांचा, नाहीतर दुसऱ्या संस्थानिकांचा.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे महाराजांना स्वतःच्याच अमरेलीला जायचं तर दुसऱ्याच्या हद्दीतून जावं लागायचं? मग जकात कुणाची?”

त्या पाठाचा विषय नेमका तोच होता. नकाशा तिथे ठेवला होता तो हाच प्रश्न मुलांच्या मनात यावा म्हणून. माझ्या ‘बडोदे संस्थानाचा नकाशा’ या तीन शब्दांनी त्या मुलाच्या वाटेतून तो प्रश्नच उचलून घेतला होता. मी त्याला तोंडी जे सांगितलं, जवळजवळ तेच त्या संध्याकाळी नकाशाखाली लिहून टाकलं.

आता लांबीचं बघू. वर्णनाच्या दोन जागा असतात. एक चित्राच्या आत लपलेली, तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, ती वाचून दाखवतो. तिथे एक-दोन वाक्यांपलीकडे जाऊ नका, कारण त्या जागेत परिच्छेद, यादी, तक्ता यांची सोय नसते. सगळं एका दमात ऐकावं लागतं. दुसरी जागा म्हणजे चित्राखालचा उघडा मजकूर. मोठं वर्णन तिथे, सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. वरच्या नकाशाचा ऑल्ट टेक्स्ट एवढाच पुरे: ‘नकाशा: बडोदे संस्थानाचे एकमेकांपासून सुटे असलेले भाग. सविस्तर वर्णन खाली.’ माझ्या अनुभवात खालचं उघडं वर्णन डोळस मुलंही वाचतात. नकाशा कसा वाचायचा हे त्यांनाही कुणी शिकवलेलं नसतं.

‘या चित्रात असे दिसते की’ अशी सुरुवात नको. स्क्रीन रीडर आधी स्वतःच ‘ग्राफिक’ असं सांगतो आणि मग वर्णन वाचतो. नकाशा आहे, आलेख आहे, की १९व्या शतकातला फोटो आहे, हा प्रकार मात्र जरूर सांगा, कारण ती माहिती आहे.

आणि एकच चित्र दोन पाठांत असेल तर वर्णनं दोन होतील. हाच नकाशा तुमच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या पाठात पुन्हा असेल, असं मी धरून चालते. तिथे पाचही भाग पुन्हा मोजायची गरज नाही. तिथे हवी ती अमरेली: राजधानीपासून किती बाजूला, कुठल्या दिशेला. सयाजीरावांनी १८९३ साली प्रयोग अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. तेव्हा त्या पाठातलं वर्णन ‘एका कोपऱ्यातून संपूर्ण संस्थानापर्यंत’ असा प्रवास सांगणारं हवं. पहिल्या पाठातलं वर्णन उचलून चिकटवलं तर मुलाच्या कानावर माहितीचा ढीग पडेल आणि हवी ती गोष्ट त्यात दबून जाईल.

मग प्रत्येक चित्राला वर्णन हवं का? नाही. पाठाच्या शेवटी नक्षी असेल, शीर्षकाशेजारी कमळ असेल, प्रत्येक पानावर महाविद्यालयाचा लोगो असेल, तर ती सजावट आहे, तिला मुद्दाम रिकामं ठेवा. पण रिकामं ठेवणं आणि विसरणं यांत फरक आहे. सजावट म्हणून खूण केली की स्क्रीन रीडर ते चित्र गाळून पुढे जातो. काहीच केलं नाही, तर तो बऱ्याचदा फाइलचं नाव वाचत बसतो: ‘ग्राफिक, आयएमजी, अंडरस्कोर, दोन शून्य एक नऊ…’ हे एका पानावर आठ वेळा ऐकून बघा. सराव असलेली मुलं इतक्या वेगाने ऐकतात की आपल्याला शब्द सुटा कळत नाही, तरी या आकड्यांनी तीही थकतात. शिवाय आपण काही गमावतो आहोत की नाही, हेच त्यांना कळत नाही. चित्रावर टिचकी मारून दुसरीकडे जायचं असेल, तर चित्र कसं दिसतं ते न सांगता टिचकी मारल्यावर कुठे पोचाल ते लिहा.

मोडी कागदांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इतर विषयांच्या शिक्षकांना ही अडचण येत नाही आणि तुम्हाला ती पाठोपाठ येणार. ‘मोडी लिपीतील जुने पत्र’ हे वर्णन म्हणजे बंद पाकीट हातात देण्यासारखं आहे. तुमच्या डोळस विद्यार्थ्यांनाही बहुधा मोडी येत नाही. त्यांनाही तो कागद दिसतो, कळत नाही. म्हणून सगळ्यांसाठीच खाली देवनागरी लिप्यंतर द्या. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, २०१४ साली जागा मिळाली असली, तरी ऐकण्यासाठी देवनागरीच द्या. त्याखाली कागदाविषयी दोन-तीन वाक्यं: शिक्का कुठे आहे, मजकूर कुठे संपतो, मार्जिनमध्ये वेगळ्या हाताने काही लिहिलं आहे का, कुठे फाटलं आहे आणि त्यामुळे कुठले शब्द गेलेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिक्क्याची जागा आणि फाटलेली कड ही मजकुराइतकीच कामाची. जिथे वाचन संशयास्पद आहे तिथे ‘हा शब्द नीट लागत नाही’ असं सरळ लिहा. शाईचा रंग महत्त्वाचा असेल तर तोही सांगा.

रंगावरून आठवलं. ‘जन्मापासून अंध मुलाला रंग सांगून काय उपयोग’ असं मला पुष्कळ शिक्षक विचारतात. सांगा. तुमच्या विद्यार्थिनीला रंग आठवतात, ती नववीपर्यंत पाहत होती. आणि त्या मुलालाही भगवं काय, पांढरी साडी म्हणजे काय, हिरव्या बांगड्या केव्हा भरतात, हे भाषेतून आणि घरातून ठाऊक असतं. रंगाचा अर्थ डोळ्यांनीच येतो असं नाही. फक्त ‘लाल भाग पाहा’ असं लिहून पुढे जाऊ नका. लाल भाग म्हणजे कुठला, ते नावाने सांगा.

आलेखांकडे येऊ. आलेख लिहिताना थोराकडून लहानाकडे या. आधी आलेख कशाचा आणि आडव्या-उभ्या अक्षावर काय, मग एकूण कल, मग ठळक चढउतार, आणि आकडे शेवटी खाली खऱ्या तक्त्यात. तक्ता चित्र म्हणून टाकू नका, टाइप करा, म्हणजे मूल बाणाच्या कळांनी एकेका रकान्यातून फिरू शकतं. समजा तुमच्या शेतीच्या पाठात बडोद्याच्या हवामानाचा आलेख आहे, पाऊस स्तंभांनी आणि तापमान रेषेने दाखवलेलं. मी असं लिहीन: ‘पावसाचे स्तंभ जवळजवळ सगळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच आहेत, जुलैचा सर्वांत उंच. उरलेले आठ महिने जवळपास कोरडे. तापमानाची रेषा मेमध्ये सर्वांत वर जाते, पाऊस सुरू होताच उतरते आणि ऑक्टोबरमध्ये थोडी पुन्हा चढते.’ ते शेवटचं ‘थोडी पुन्हा चढते’ गाळू नका. ऑक्टोबर हीट बडोद्यातल्या प्रत्येक मुलाने अंगावर घेतलेली असते. रेषेचा तो लहानसा उंचवटा आणि अंगाला आठवणारा उकाडा जुळले, की आलेख त्याचा झाला.

फोटोंच्या बाबतीत माणसांची वर्णनं करताना मन वाचू नका. ‘करारी मुद्रेचे महाराज’ हे तुमचं मत झालं. पगडी, दागिने, हातात काय, कोण बसलं आहे आणि कोण उभं, ते लिहा. करारीपणा मुलांना ठरवू दे. आपण सगळे ज्या गोष्टी रोज बघून गृहीत धरतो, तिथे विशेष जपा. एका बडोदेकर विद्यार्थ्याला मी काळ्या घोड्याच्या फोटोचं वर्णन वाचून दाखवत होते. सयाजीबागेजवळचा अश्वारूढ सयाजीरावांचा पुतळा. त्याचा हात टेबलावर थांबला. “घोड्यावर महाराज बसलेत?” वीस वर्षं हा मुलगा ‘काळ्या घोड्यापाशी उतरायचंय’ असं रिक्षावाल्याला सांगत आला होता. त्याच्या लेखी ते एका चौकाचं नाव होतं. घरी सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी कधी सांगितलंच नाही. तेव्हापासून मी आपल्या गावातल्या वास्तूंचे फोटो सर्वांत नीट लिहिते. न्यायमंदिर, मांडवी, सुरसागर ही नावं त्यांनी हजार वेळा ऐकलेली असतात. मांडवी ही चारी बाजूंनी कमानी असलेली इमारत आहे आणि रस्ते तिच्यापाशी येऊन मिळतात, हे कदाचित एकदाही ऐकलेलं नसतं.

चाचणीतल्या चित्रांचं वर्णन उत्तर फोडणार नाही असं लिहा. ‘खालील प्रांत ओळखा’ असा प्रश्न असेल तर ‘अमरेली प्रांत’ लिहून चालणार नाही. ‘काठेवाडाच्या आतला, राजधानीच्या पश्चिमेला आखातापलीकडचा, तुकड्यांत विभागलेला भाग’ असं लिहा. एखादा प्रश्न फक्त डोळ्यांनीच सुटत असेल तर त्या मुलांसाठी तितक्याच अवघड जातीचा दुसरा प्रश्न काढा. प्रश्न वगळून गुण वाटून टाकणं त्यांना आवडत नाही, आणि ते बरोबर आहे.

एआयबद्दल माझं मत अनुभवावरून बनलं आहे. कच्चा मसुदा म्हणून वापरा. साध्या फोटोवर वेळ वाचतो. पण मोडी कागद दिला तर ते ‘जुने हस्तलिखित’ म्हणून थांबतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे नसलेला मजकूर ठामपणे वाचून दाखवतं. नकाशावर ‘वेगवेगळ्या रंगांचे प्रदेश’ एवढंच देतं. डोळस मुलाला चूक शेजारच्या चित्रात दिसते. अंध मुलाजवळ पडताळायला दुसरं काही नसतं, तुमच्या नावावर विश्वास ठेवून तो ते पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. म्हणून एआयचा एकही शब्द तुम्ही स्वतः चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय पाठात जाऊ देऊ नका.

आता एक अशी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही, पण मराठी मजकुरात ती चित्रांइतकीच नडते. तुमच्या पाठांना जोडलेल्या जुन्या पीडीएफ तपासा. त्यांतल्या काही स्कॅन असतील, म्हणजे अख्खं पानच एक चित्र. काही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील. छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे ते फॉन्ट वर्षानुवर्षं चालले. डोळ्यांना सुरेख मराठी दिसते आणि स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ वाचतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच उमटली तर ठीक, भलतंच काही उमटलं तर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, आणि काहीच निवडता येत नसेल तर ते स्कॅन आहे. अशा पीडीएफमधल्या चित्रांना सुंदर वर्णनं लिहिण्याआधी मजकूर वाचता येतो का ते बघा.

लिहायचं कुठे? मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र टाकताना वर्णनाची चौकट येते आणि ‘फक्त सजावट’ अशी खूणही तिथेच असते. वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये चित्रावर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्ट. वर्डची पीडीएफ करताना ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरू नका, त्यात वर्णनं गळून पडतात. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ करा. व्हॉट्सॲपवर नकाशाचा फोटो पाठवला तर वर्णन त्याखाली मजकूर म्हणून लिहा. व्हिडिओत ‘हे बघा, इथून इथे’ म्हणायची सवय मोडा. ‘बडोद्यापासून अमरेलीपर्यंत’ म्हणा.

तपासणीसाठी तुमच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घ्या. मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने तो २००६ साली सुरू केला, आणि वापरणाऱ्याच्या हाताने घडल्याचं त्यात जागोजागी जाणवतं. स्क्रीनवर टॉवेल टाका आणि एक पाठ फक्त ऐका. आपण लिहिलेलं लांबलचक वाक्य कानाला किती जड जातं ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग त्या दोघांना विचारा. पण त्यांचा अभ्यासाचा वेळ तुमच्या तपासणीत जाणार असेल तर त्याचं मानधन द्या, महाविद्यालयाकडून मागून घ्या.

महाविद्यालय कुरकुर करेल तर सांगा की हे उपकाराचं काम नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शिक्षण आणि डिजिटल मजकूर सुलभ असणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. वेबच्या जागतिक निकषांत तर चित्राला पर्यायी मजकूर देणं ही अगदी तळाची, पहिल्या पातळीची अट आहे. आणि पुस्तकातला मजकूर किंवा आकृती अंध विद्यार्थ्यासाठी सुलभ रूपात आणताना कॉपीराइटची भीती नको. २०१२च्या दुरुस्तीने कायद्यात त्याला वाट करून दिली आहे.

काही नकाशे शब्दांनी पूर्ण होत नाहीत, हेही मान्य करा. संस्थानाचे तुकडे बोटांखाली आले पाहिजेत असं वाटलं तर उंचवट्याच्या रेषांचा नकाशा करून घ्या. आयआयटी दिल्लीत स्पर्शचित्रांवर चांगलं काम झालं आहे. तोवर पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून सीमा आणि वेगळ्या पोताच्या कापडाचे पाच तुकडे, एवढ्यावरही माझे दोन विद्यार्थी काठेवाड शिकले आहेत. तुमच्या त्या मुलासाठी हे आधी करा, मुलीला कदाचित शब्द पुरतील. तिने गुजरातचा नकाशा डोळ्यांनी पाहिलेला आहे.

२०० चित्रांची संख्या बघून थांबू नका. आधी सजावटीची काढून बाजूला ठेवा, आकडा बराच खाली येईल. उरलेल्यांत पुढच्या आठवड्यात जो पाठ आहे, त्यापासून सुरू करा, पहिल्या पाठापासून नको. मुलं मागे वळून जुना पाठ वाचतील, पण सोमवारच्या वर्गात त्यांना बाकीच्यांबरोबर बसायचं आहे. एक तक्ता करा: पाठ, चित्र, ते इथे का आहे, ऑल्ट टेक्स्ट, मोठं वर्णन. ‘का आहे’ हा रकाना आधी भरा. एखाद्या चित्रापुढे तो भरता आला नाही, तर ते चित्र डोळस मुलांसाठी तरी पाठात हवं का, ते पुन्हा बघा.

नकाशांची वर्णनं झाली की मला पाठवा, मी ऐकून सांगेन. मोडी कागदांपैकी सर्वांत फाटलेला कागद आधी पाठवा.